कोणाचा ते सांगायचं नाही

२१ सप्टेंबर

ठकू,

फोन तू उचलत नाहीस, मेसेज उघडत नाहीस, म्हणून हा कागद. पत्राचं एक बरं असतं, ते मध्येच कट करता येत नाही. फाडता येतं, पण फाडायच्या आधी माणूस वाचतोच. तू तर नक्कीच वाचशील. लहानपणी औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठीसुद्धा सोडायची नाहीस.

तुझं शेवटचं वाक्य होतं, "आई, हे असं लिहिलंस तू माझ्याबद्दल?" आणि खट्. मला तोंडच उघडू दिलं नाहीस. अमेरिकेतल्या विद्यापीठात प्रवेशासाठी लिहिलेला निबंध मी पाठवला होता तो इंग्रजी तपासायला. पहिल्या पानावर तू स्वल्पविराम घातलेस, दोन वाक्यं सरळ केलीस, समासात "छान" असंही लिहिलंस. दुसऱ्या पानावर तुझी गोष्ट सुरू झाली आणि तिथून पुढे तुझी एकही खूण नाही.

राग आला, कबूल. तुझ्या बँकेत कोणाला माहीत नाही. दिवसभर माणसं काउंटरवर तुझ्या तोंडाकडे बघत उभी असतात आणि तुझा एक डोळा अ‍ॅक्रिलिकचा आहे अशी शंका कोणाच्या मनाला शिवत नाही. ते मी अमेरिकेतल्या परक्या प्राध्यापकांपुढे उघडं करायला निघाले, असं तुला वाटलं असणार. पण अगं बाई, मी तुझं नाव लिहिलंय का कुठे? नीट वाच. "बावीस वर्षांपूर्वी एक चार वर्षांची रुग्ण मुलगी आमच्या कार्यशाळेत आली. आजारात तिचा एक डोळा काढावा लागला होता." बस्स. कोणता डोळा तेही नाही. मला हे काम शिकवणाऱ्या मास्तरांचा नियम मी झोपेतसुद्धा मोडत नाही, तुला माहीत आहे: डोळा कोणाचा ते सांगायचं नाही, कोणता ते दाखवायचं नाही. ज्यांचे कृत्रिम डोळे आपण करतो त्यातलं कोणी रस्त्यात भेटलं तर आधी ओळखही द्यायची नाही. त्या दवाखान्यातल्या परिचारिकेला मी लग्नाच्या हॉलमध्ये ओळख दाखवली नाही म्हणून ती बिचारी वर्षभर रुसली होती.

तेव्हा काळजी सोड. तुला कोणी ओळखणार नाही.

बाकी अर्ज म्हणजे डोक्याला ताप आहे. जन्मसाल निवडायला एक यादी उघडते. ती नव्या मुलांच्या सालापासून सुरू होते आणि आपण आपले खाली खाली जात राहतो, जिना उतरल्यासारखे. कॉलेजात जुन्या गुणपत्रिकांच्या सीलबंद प्रती मागायला गेले तर कारकून म्हणाला, "मुलीला पाठवा, विद्यार्थ्याने स्वतः यावं लागतं." मी म्हटलं, "विद्यार्थी आलाय." त्याने माझ्या मागे बघितलं. मग पुन्हा माझ्याकडे बघितलं आणि मुकाट्याने कपाट उघडलं.

तुझी,
आई

१४ ऑक्टोबर

ठकू,

उत्तर नाही. ठीक आहे. मीही काही कमी हट्टी नाही.

तुझ्या समाधानासाठी मी निबंध बदलला. आता "रुग्ण मुलगी" नाही, "एक मूल" आहे. वय काढून टाकलं. "आजारात" हेही काढलं. आता ते मूल मुलगा की मुलगी, काळं की गोरं, कोणाच्या बापाला कळणार नाही. निबंध थोडा पांगळा झाला, पण तू सुटलीस. आता तरी फोन उचल.

तुझे बाबा सध्या माझ्या इंग्रजीच्या परीक्षेच्या तयारीला जुंपलेत. मी कानाला हेडफोन लावून इंग्रजी ऐकत असते, तेव्हा स्वयंपाकघर त्यांच्या ताब्यात असतं. जन्मभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त केल्या, पण भाजी बुडाला लागली की खाली-वर करायची असते हे त्यांना ठाऊक नाही. काल म्हणाले, "तू खरंच जाणार आहेस का?" मी म्हटलं, "आधी त्यांनी बोलवायला तर हवं." तर म्हणाले, "नाही, मला भाजी शिकायची का ते ठरवायचं होतं." असे आहेत. विरोध नाही, कौतुक नाही, पण माझी वही टेबलावर दिसली की दिवा मात्र आपणहून लावून ठेवतात.

तोंडी परीक्षेत मला सांगितलं, तुमच्या आवडत्या जागेचं वर्णन करा. बाकी लोक समुद्र, डोंगर सांगत होते. मी आमच्या कार्यशाळेतलं खिडकीजवळचं टेबल सांगितलं. तिथे उत्तरेकडचा उजेड येतो, बुबुळ रंगवायला तोच लागतो. रंगाच्या वाट्या, शिरांसाठी तांबडं रेशीम, घासायचं चाक. मी इतकी रंगले की परीक्षकबाईंना मला थांबवावं लागलं. पास झाले. चांगल्या गुणांनी झाले, पण तू विचारत नाहीस तर सांगत नाही.

शिफारसपत्र मास्तरांनी द्यायचं होतं. ते म्हणाले, "इकडे सगळे म्हणतात तूच लिहून आण, मी सही करतो. मी तसं करणार नाही." मी घाबरलेच. त्यांनी आठवडा घेतला आणि लिहिलं काय, तर ही बाई पहिल्यांदा आली ती भांडायला आली होती. तयार डोळा मुलाला बसत नाही, बाहुलीचा वाटतो, म्हणून तिने माझ्या टेबलावर तो आपटला. मी म्हटलं, मग तुम्हीच करून दाखवा. ही दातांच्या कवळ्या करणारी होती, साचा आणि अ‍ॅक्रिलिक तिला येत होतं. दुसऱ्या दिवशी आली ती परत गेलीच नाही. यात "मुलाला" म्हणजे कोणाच्या मुलाला ते मास्तरांनीही लिहिलं नाही बरं का. नियम म्हणजे नियम.

आणखी एक. तुझा डोळा पॉलिश करायला दरवर्षी यायचं असतं. तू दोन वर्षं आली नाहीस. रागाशी त्याचा संबंध लावू नकोस.

आई

२० नोव्हेंबर

ठकू,

आज तुला हसवते. हसलीस तर कळवू नकोस, मी समजून घेईन.

विद्यापीठाला कामाचे नमुने पाठवायचे होते. मी वीस जणांच्या पाया पडून फोटो काढले. सगळ्यांची लेखी संमती घेतली. चांगल्या उजेडात, समोरून, हसरे. पाठवले. काल तिथल्या बाईंचं पत्र आलं. फार सभ्य भाषा. त्यातलं सार असं: तुम्ही पाठवलेली माणसांची छायाचित्रं अतिशय सुंदर आहेत, पण आमचा विभाग छायाचित्रणाचा नाही. कृपया आपल्या कामाचे नमुने पाठवावेत.

मी तीनदा वाचलं तेव्हा उजेड पडला. मी कोणाचा कोणता डोळा ते लिहिलंच नव्हतं! लिहायचं असतं हे डोक्यातच आलं नाही. मास्तरांना सांगितलं. ते आधी खूश झाले, "ओळखता आला नाही म्हणजे काम पास." मग त्यांच्याही लक्षात आलं की आता दाखवावा लागणार, आणि त्यांचा चेहरा उतरला.

मग पुन्हा सगळ्यांना विचारणं आलं. कारण फोटोला हो म्हणणं वेगळं आणि फोटोवर त्या डोळ्याकडे बाण काढू द्यायला हो म्हणणं वेगळं. नाक्यावरचा न्हावी चक्क हात जोडायला लागला. "ताई, गिऱ्हाईक वस्तऱ्याखाली बसलेलं असतं. त्याला कळलं तर तो उठून पळेल." मी त्याचा फोटो काढून टाकला. दोघं-तिघं असेच गळाले. पण शाळेत गाणं शिकवणाऱ्या बाई आहेत ना, त्यांना बाण नकोच होता. म्हणाल्या, "बाण कसला, मी काढूनच दाखवते." आणि कॅमेऱ्यापुढे डोळा काढून तळहातावर धरला, मान ताठ, जशा स्टेजवर उभ्या राहतात तशा. त्यांच्याकडे बघण्याच्या नादात मी पहिला फोटो तिरकाच घेतला. दोनदा घ्यावा लागला.

आता खरं बोलते. विद्यापीठातल्या बाईंनी आणखी एक मागितलंय. एकाच माणसाचं दीर्घकाळचं काम. लहानपणापासून डोळ्याची खोबण वाढत जाते, दर काही वर्षांनी डोळा बदलावा लागतो, तो कसा बदलत नेला याची सबंध मालिका. त्यांच्या मते याच्याशिवाय अर्ज लंगडा राहील. असं काम माझ्याकडे एकच आहे. ते कोणाचं आहे तुला माहीत आहे.

मी तुला न विचारता ते पाठवणार नाही. विचारते आहे. तुला सुरक्षित वाटावं म्हणून मी फोटो कापून ठेवलेत, नमुन्यादाखल सोबत जोडते. बघ, भुवईपासून गालापर्यंतची पट्टी फक्त. नाक नाही, ओठ नाहीत, केस नाहीत, शाळेच्या गणवेशाची कॉलर दिसत होती तीही कापली. खाली "रुग्ण क्रमांक एक". तुझ्या सख्ख्या बापाला दाखवले तर त्यांनीही ओळखलं नाही. यापेक्षा जास्त मी तुला पुसू शकत नाही.

शेवटची तारीख पंधरा डिसेंबर आहे. नाही म्हणालीस तर नाही. मग मी मालिका नाही असं स्पष्ट लिहीन, आणि त्यांनी नाकारलं तर माझं टेबल मला आहेच. पण मला जायचंय गं. पूर्ण कान, नाक, अर्धा चेहरा परत करायला तिथे शिकवतात. भाजलेली माणसं आमच्या दारात येतात आणि आम्ही त्यांना फक्त डोळा देऊन पाठवतो. बाकीच्या चेहऱ्याचं काय, असं कोणी विचारलं की मास्तर खिडकीबाहेर बघायला लागतात. मला त्या प्रश्नाचं उत्तर हवंय.

तू एक शब्द लिही. हो किंवा नाही.

आई

९ डिसेंबर

ठकू, माझ्या बाई,

तुझं पत्र काल आलं. मी ते कार्यशाळेत उघडलं आणि पहिल्या चार ओळींत इतकी चिडले की घासायचं चाक चालू ठेवूनच बाहेर गेले. मास्तरांनी बंद केलं.

तू लिहिलंस: "आई, आधी मी रुग्ण मुलगी होते. मग मूल झाले. आता पट्टी झाले. पुढच्या पत्रात मी उरणार आहे का? मला लपव असं मी तुला कधी सांगितलं? मी तो निबंध पुन्हा पुन्हा वाचला. वाटलं, पुढच्या ओळीत असेल, ही माझी मुलगी आहे. शेवटपर्यंत नाही. 'आमच्या कार्यशाळेत आली' म्हणे! मी आले नव्हते, तू मला कडेवर घेऊन गेली होतीस. बँकेत मी कोणाला सांगत नाही, कारण तू कधी कोणाला सांगितलं नाहीस. मला वाटायचं, तुला लाज वाटते."

लाज! हा शब्द वाचला तेव्हा मला वाटलं, समोर असतीस तर एक धपाटा घातला असता. मग पायरीवर बसले आणि रडले. भर दुपारी, रस्त्यावरच्या माणसांसमोर, नाक ओढत. भाजीवाला थांबून विचारून गेला, "ताई, कोणी गेलं का?" मी म्हटलं, "नाही रे, कोणी परत आलं."

ठकू, मला लाज कधीच वाटली नाही. एक दिवस नाही. मला भीती वाटायची. तू चार वर्षांची असताना जिन्यातल्या बायका वाकून वाकून बघायच्या आणि तू माझ्या पदरात तोंड खुपसायचीस. तेव्हा मी ठरवलं की असा डोळा करीन की कोणी वाकणारच नाही. आणि वर कोणाला कळूही देणार नाही. पहिलं जमलं. दुसरं मी इतकं मन लावून केलं की तुझ्यापासूनच तुला लपवत गेले, आणि ते मला आजपर्यंत कळलं नाही. मास्तरांना पत्र वाचून दाखवलं. त्यांना हल्ली कमी ऐकू येतं, त्यामुळे "लाज वाटते" हे मला ओरडून सांगावं लागलं. बाहेर बसलेले तिन्ही पेशंट चपापले. मास्तर माझ्यावरच खेकसले, "नियम गिऱ्हाइकांसाठी होता. पोरीसाठी कोणी सांगितला होता तुम्हाला?"

मी काल निबंध पहिल्यापासून लिहिला. जुना सरळ केलाच नाही, टाकूनच दिला. पहिलं वाक्य मराठीत सांगते, इंग्रजी तू तपासशीलच: माझी मुलगी चार वर्षांची असताना तिचा डावा डोळा काढावा लागला, आणि बाजारात मिळालेला डोळा मला आवडला नाही म्हणून मी या धंद्यात आले. "डावा" एकदा खोडलं, मग पुन्हा लिहिलं. हा शब्द मी कधी कागदावर उतरवला नव्हता.

फोटो न कापलेले जोडले आहेत. दात पडलेला, वेणी सुटलेली, दहावीला चिडका चेहरा केलेला, बँकेत लागल्या दिवशीचा. सगळे तुझे पूर्ण चेहरे. खाली क्रमांक नाही, तुझं नाव आहे. चालेल ना? तू "हो" असं अजून लिहिलेलं नाहीस. रागाच्या भरात तेवढं राहिलं. लौकर लिही, तारीख जवळ आली. आणि हो, फोन उचल आता.

आई

१७ फेब्रुवारी

ठकू,

फोनवर आपण दोघी एकदम बोलतो आणि कोणालाच काही ऐकू येत नाही, म्हणून कालच्या मुलाखतीवर हे पत्र.

त्यांनी "रुग्णालाही हजर राहता येईल का" असं विचारलं तेव्हा मला वाटलं, तू घरून येशील, दार लावून. पडद्यावर तू बँकेच्या मीटिंगच्या खोलीत दिसलीस, काचेची भिंत, आणि काचेपलीकडे तुझ्या त्या दोन मैत्रिणी माना उंचावून बघतायत. एकीने मला हात हलवला! मी इतकी गडबडले की माझं नाव सांगायचं सोडून मी त्यांना "जेवलात का?" विचारलं.

पण पुढे तू जे केलंस त्याबद्दल मला तुझ्याशी भांडायचंय. त्या प्राध्यापकबाईंनी गोड आवाजात विचारलं, कृत्रिम डोळ्याबद्दल तुम्ही समाधानी आहात का. कोणत्याही शहाण्या मुलीने हो म्हटलं असतं. तू म्हणालीस, "पूर्ण नाही." एसीत तो कोरडा पडतो. हसताना पापणी एका बाजूला मागे राहते. आणि रंग आता जुळत नाही, माझा खरा डोळा थोडा गडद झालाय. अगं! माझ्या प्रवेशाची मुलाखत की तक्रार निवारण केंद्र? मी मराठीतच सुरू झाले, "दोन वर्षं पॉलिशला आली नाहीस आणि वर कोरडा पडतो म्हणतेस?" तूही सुरू झालीस. पापणीचं वजन कृत्रिम डोळ्याच्या कडेला घ्यायला हवं होतं की मागे, यावर आपण किती वेळ भांडलो कोण जाणे. समितीतले दोघं पडद्यावर हात बांधून बसले होते. त्यांच्यातल्या म्हातारबुवांनी शेवटी विचारलं, "तुम्ही कशावरून वाद घालताय ते आम्हाला सांगाल का?" मग मी कागद घेऊन पापणीचं चित्र काढून दाखवलं, मला कुठे चुकलं असं वाटतं आणि तिथे काय शिकले तर ते सुधारेल. ते पुढे वाकून बघत होते एवढं आठवतं. माझं इंग्रजी कसं होतं ते आठवत नाही.

तुझे बाबा दाराआडून ऐकत होते. म्हणाले, "झालं, गेली अमेरिका." मलाही तसंच वाटतं. पण तरी काल मला छान झोप लागली. मुलाखत संपताना तू मैत्रिणींकडे वळलीस आणि आवाज बंद करायला विसरलीस. तू त्यांना म्हणालीस, "ही माझी आई. हिनेच केलाय." मी ते ऐकलं. एवढंच सांगायचं होतं, बाकी भांडण चालू ठेवू.

आई

२ एप्रिल

ठकू,

बसून वाच.

मिळाली. जागा मिळाली. सोबत तिथल्या दवाखान्यात मदतनिसाचं काम, त्यात फी भागते. पत्रात लिहिलंय की पापणीवरचा वाद समितीला फार उपयोगी वाटला आणि पहिल्या वर्षी मी त्याच विषयावर काम करावं. म्हणजे तुझी तक्रार घेऊन मी सातासमुद्रापार चालले आहे.

फोन केला असता तर तू किंचाळली असतीस आणि मी रडले असते, आणि ही बातमी मला एकदा शांतपणे कोणाला तरी सांगायची होती. तुझ्या बाबांना अजून सांगितलेलं नाही. ते भाजी चिरतायत. आता बरी करतात. त्यांना सांगायला मी दोनदा उठले आणि परत बसले. दोन वर्षं हा माणूस या घरात एकटा. आणि मी तिकडे वसतिगृहात, शेजारच्या खोलीत तुझ्यापेक्षा लहान पोरं. मला जमेल का गं? कपडे धुवायच्या यंत्राचीसुद्धा भीती वाटते. तरी जाणार आहे. निघायच्या आधी तू चार दिवस ये, नवा डोळा करू. बुबुळ रंगवायला तुला माझ्यासमोर बसावंच लागेल, उजेड आहे तोवर. तेवढा वेळ भांडू नकोस, डोळा हलतो.

प्रवेशपत्राबरोबर एक अर्ज आलाय. अडीअडचणीला कोणाला फोन करायचा, त्याचं नाव आणि नातं. मी तुझं नाव लिहायला घेतलं, एवढ्यात तुझे बाबा सुरी हातात घेऊनच मागे येऊन उभे राहिले आणि सगळं वाचलं. सांगायचं कामच उरलं नाही. माझ्या डोक्यावर कांद्याचा हात ठेवून उभे राहिले. मग म्हणाले, "तिचं नाव कशाला, मी आहे ना इथे?" मी म्हटलं, "तिकडून इंग्रजीत फोन आला तर तुम्ही राँग नंबर म्हणून ठेवून द्याल." त्यांना पटलं.

खाली एक चौकोन आहे: या व्यक्तीची परवानगी घेतली आहे का. ठकू, मी न्हाव्याची घेतली, गाण्याच्या बाईंची घेतली, तुझी तर दहा वेळा मागितली. ही मात्र मागणार नाही. तुझं नाव लिहिलं, नात्याच्या जागी "मुलगी" लिहिलं, चौकोनात खूण केली आणि अर्ज पाठवून दिला.

आई